सोनाराचा काटा आणि चार पिस्टन

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात जुन्या मारुती एस्टीम गाडीचं इंजिन रेससाठी बांधतोय म्हटल्यावर लोक हसले. कापूस वेचून झाला होता, हाती थोडा पैसा होता. पहिला मोह झाला तो तापट, म्हणजे जास्त ताकदीसाठी घडवलेल्या कॅमशाफ्टचा (इंजिनचे व्हॉल्व उघडणारा दांडा). घेतला असता तर फसलो असतो. असा कॅम व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवतो, खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, दाब निसटतो. जोडीला कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबलं जातं ते) वाढवलं नाही तर गाडी चिखलातून निघायची नाही. आणि कॉम्प्रेशन फार चढवलं, की आमच्या ४५ अंशांच्या उन्हात पेट्रोल नॉक करतं, म्हणजे आपोआप पेटून ठोके देतं. म्हणून कॅम मध्यमच घेतला.

बोर (सिलिंडरचा व्यास) मूळ ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५, म्हणजे चार सिलिंडर मिळून १२९८ सीसी. बोर अर्धा मिमी ओव्हरसाइज, म्हणजे मोठा केला तर १३१६. एवढ्या १८ सीसीसाठी कोण मरतं! पण सिलिंडर झिजले होते, इलाज नव्हता. ब्लॉक घेऊन अमरावतीला गेलो, तर बोरिंगवाले काका म्हणाले, "आधी पिस्टन आन भाऊ, मंग कापतो. मापाबिगर कसा कापू?" प्रत्येक पिस्टन मोजून त्याचा त्याचा सिलिंडर कापला, वर नंबर टाकले.

चारही पिस्टनचं वजन सारखं हवं, त्यासाठी सोनाराचा काटा मागितला. चौघांत ४ ग्रॅमचा फरक निघाला. आतून घासत घासत सगळे सर्वांत हलक्याच्या वजनावर आणले. सोनार विचारत होता, "घट किती धरायची?"

पिस्टनला जोडणारे कनेक्टिंग रॉड अजून बाकी आहेत.