पाच माणसं आणि एक वही

ब्लाउजचं माप देता देता तुमच्यापैकी निम्म्याजणी तरी विचारतात, "ताई, एका दुखण्याला पाच माणसं कशाला लागतात?" आणि लगेच, "त्यांचे नंबर द्या ना." तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते. एरवी तोंडात टाचण्या असतात, बोलता येत नाही.

दुखणं म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. आपण सगळ्यालाच संधिवात म्हणून मोकळे होतो, मग गुडघ्यांची झीज असो की हे. आयुर्वेदात याच्या जवळ जाणाऱ्या रोगाला आमवात असं वेगळं नाव आहे, माधवनिदानात त्याचं स्वतंत्र प्रकरणच आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर सकाळी सहाला उठायचं आणि साडेसातपर्यंत सुईत दोरा ओवता येत नाही. बोटं रात्रभर कुणीतरी खळीत बुडवून ठेवल्यासारखी ताठ.

पहिला माणूस म्हणजे संधिवाताचे डॉक्टर. त्यांनी मेथोट्रेक्सेट दिलं, म्हणजे हा आजार काबूत ठेवणारं औषध. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. माझा वार बुधवार. दुसऱ्या दिवशी, त्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून, फॉलिक अ‍ॅसिड. आणि ठरलेल्या वेळी रक्ततपासणी, कारण ही गोळी यकृताला आणि रक्तपेशींना त्रास देऊ शकते. उरलेली चारही माणसं या बुधवारच्या गोळीच्या आधाराने उभी आहेत. हे कळायला मला फार किंमत मोजावी लागली.

झालं असं की सुरुवातीला एका वैद्यांकडे गेले होते. नाव सांगत नाही. त्यांनी नाडी पाहिली, "ते विष आधी बंद करा" म्हणाले आणि नाव नसलेल्या तीन पुड्या दिल्या. काय आहे विचारलं तर म्हणाले, "विश्वास ठेवा." ठेवला. दीड महिन्यात मनगटं एवढी सुजली की बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. तो पूर्ण लग्नसराईचा हंगाम गेला. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांनाही सांगितलं नव्हतं. यातली माझी चूक हीच, लपवण्याची.

आताच्या वैद्यबाई औषधाचं नाव कागदावर लिहून देतात आणि माझा रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय काही देत नाहीत. पहिल्याच भेटीत मी गुळवेलीबद्दल विचारलं. करोनात घरोघरी काढा उकळत होता, तेव्हा मलाही वाटलं होतं घ्यावा. त्या म्हणाल्या, "तुम्हाला नको. तुमच्या यकृतावर आधीच एका औषधाचा भार आहे." २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला, वाद झाला. माझ्या वैद्यबाई त्या वादात पडल्या नाहीत. तुम्हाला नको, एवढंच म्हणाल्या. त्या प्रामुख्याने माझं पोट सांभाळतात. माणूस नीट जेवला, नीट झोपला तर अर्धी चिडचिड जाते.

सगळ्यात जास्त उपयोग कुणाचा झाला विचाराल, तर जिचं नाव तुम्ही ऐकलेलं नसतं तिचा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ही फिजिओ नव्हे. तुमचं रोजचं काम तुमच्या आहे त्या हातांनी कसं होईल, हे ती पाहते. आपल्याकडे याचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी सुरू केलं. त्या मूळच्या अमेरिकेच्या, लग्न करून इकडे आलेल्या. आणि इतक्या वर्षांनी मला पुण्यात तिचा पत्ता लागायला तीन वर्षं गेली!

ती दुकानात आली, स्टूल ओढून बसली आणि दोन तास नुसती पाहत राहिली. मग एकेक सांगत गेली. लोखंडी कात्री काढून टाका, स्प्रिंगची घ्या, ती आपोआप उघडते. कापायचं टेबल दोन विटांनी उंच करा. भरलेला कुकर कानाला धरून उचलू नका, दोन्ही तळवे खाली घाला. बरणीचं झाकण बोटांनी नाही, तळव्याने फिरवा. आणि हुक लावणं बाहेर द्या. हे शेवटचं मला लागलं. माझ्या हाताचे हुक कधी निघत नाहीत, अशी पेठेत ख्याती होती. पण चिमटीत धरायचं काम हेच सांध्याचं वैरी. आता ब्लाउजमागे वीस रुपये देऊन शेजारची मुलगी हुक लावते. बरे लावते. माझ्यासारखे नाही.

मालिशवाल्या मावशी दारात आल्या की आधी विचारतात, "आज कुठं गरम आहे का?" सांधा गरम आणि सुजलेला असेल तर त्याला हात लावत नाहीत, पाठ-खांदे चोळून जातात. कमी केल्याचे पैसे कमी घेतात. "हे माझं काम नाही" असं म्हणणारं माणूस मिळालं की मी त्याला सोडत नाही.

योगाच्या बाई अय्यंगार पद्धतीच्या. पुण्यात त्या पद्धतीची खुर्ची, दोर, लोड, विटा यांचं कुणाला नवल नाही. खुर्चीवर बसूनही घाम निघतो.

ही पाचही जणं एकमेकांना भेटलेली नाहीत. त्यांना जोडते ती दोनशे पानी वही. प्रत्येकाकडे ती जाते, जो तो त्यात लिहितो आणि आधीच्याचं वाचतो. डॉक्टर सुरुवातीला हसले होते. आता रिपोर्ट पाहायच्या आधी वही मागतात.

नंबर मात्र मागू नका. तुमचं दुखणं तुमचं, तुमचे हात तुमचे. नानाविध माणसं जमवणं महागही पडतं. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या यातल्या बहुतेक गोष्टींचा एक रुपया माझ्या विम्यातून मिळत नाही. ज्यांना एकच परवडतं, त्यांनी पहिल्या माणसाकडेच जावं.

सध्या वहीत भांडण चालू आहे. योगाच्या बाईंनी लिहिलंय, तळव्यांवर थोडा थोडा भार घ्यायला सुरुवात करूया. त्याखाली थेरपिस्टने लाल पेनाने लिहिलंय, मनगटावर भार अजिबात नको, रात्री स्प्लिंट (सांधा स्थिर ठेवणारा आधारपट्टा) बांधा. उजवी करंगळी जराशी वाकायला लागली आहे, त्यावरून हे सगळं. मंगळवारी दोघींना फोनवर एकमेकींशी बोलायला लावणार आहे. तोपर्यंत स्प्लिंट बांधते. तुमचा ब्लाउज शुक्रवारी न्या.