चौंडकं कुठल्या गटात?

बेळगावातल्या आमच्या शहापुरात गणपतीत मंडळाची संगीत प्रश्नमंजूषा असते आणि प्रश्न काढायचं काम ठरल्यासारखं माझ्याकडे येतं. गल्लीत पेटी शिकवणारी बाई मी एकटीच, जाणार कुठं!

सनावळ्या मी विचारत नाही. सनावळ्या घडाघडा म्हणणारी पोरं भूप रागानंतर यमन राग वाजवला की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून पहिली फेरी कानाची. पेटीवर सा धरायचा, पाठोपाठ एक स्वर. ग कोमल की शुद्ध, एवढंच सांगायचं. कधी क्लासची पायरी न चढलेली, पण आजोबांबरोबर भजनाला टाळ घेऊन बसणारी पोरं इथं बाजी मारतात. मला त्याचा फार आनंद होतो, क्लासच्या फीवर परिणाम झाला तरी.

मग स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहायची पद्धत. फळ्यावर 'ग' लिहून डोक्यावर टिंब देते. सप्तक कोणतं? सगळे ओरडतात, "तार!" भातखंडे पद्धतीत बरोबर. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत मात्र वरचं टिंब मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकाचं, तार म्हणजे वरच्या सप्तकाला उभी रेघ. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, भातखंड्यांची फुली, पलुस्करांचा १. खालीला, म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेतात त्या मात्रेला, एकीकडे शून्य, दुसरीकडे अधिकचं चिन्ह. गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि मलाच म्हणाली, "बाई, पद्धत कुठली ते सांगा की आधी." पूर्ण गुण.

शेजारच्या कन्नड घरातली, कर्नाटक संगीत शिकणारी भावंडंही येतात. त्यांचा शुद्ध रिषभ म्हणजे आपला कोमल. त्यांनी त्यांच्या मायामाळवगौळ रागाचे स्वर म्हटले, आमच्या पोरांनी "भैरव थाट!" म्हणून हात वर केले; स्वर तेच, नावं वेगळी. दोघांनाही गुण दिले.

गायक-नाटककारांसाठी लांब जावं लागत नाही. कुमार गंधर्व सुळेभावीचे, अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, पेटीवाले रामभाऊ विजापुरे तर आपल्या बेळगावातलेच. विष्णु दिगंबर कुरुंदवाडचे, तेही काही परके नव्हेत.

खरी भांडणं वाद्यांच्या फेरीत. तत म्हणजे तारेची, सुषिर म्हणजे फुंकेची, अवनद्ध म्हणजे चामडं मढवलेली, घन म्हणजे टाळ-घंटेसारखी, असे चार गट सांगितले आणि विचारलं, चौंडकं कुठल्या गटात? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर सगळ्यांनी ऐकलेलं. लाकडी पोकळ नळा, खालच्या तोंडाला चामडं, त्या चामड्यातून निघालेली तार वर बाजूच्या काठीला खुंटीवर ताणलेली. नळा काखेत दाबून तार छेडायची. एक गट म्हणाला तत, दुसरा म्हणाला अवनद्ध, चामडं आहे ना! पालकही मध्ये पडले. मंडळाचे अध्यक्ष काका वैतागून म्हणाले, "अर्धे अर्धे द्या की बाई, आरतीची वेळ झाली."

दिले नाहीत. हात चामड्यावर पडत नाही, तारेवर पडतो. चामडं तो नाद मोठा करतं. सरोदलाही चामडं असतं, म्हणून त्याला कुणी तबल्याच्या ओळीत बसवत नाही. तर तत. दुसऱ्या गटातल्या पोरानं तरीही सोडलं नाही: "पण बाई, तार ओढली-सोडली की घुमतंय ते चामडंच की!" मुद्दा बिनतोड होता. त्याला तर्कासाठी एक गुण जास्तीचा दिला आणि काकांनी आरतीची घंटा हातात घेतली.

यंदा सारंगी घालणार आहे. तिलाही चामडं असतं, शिवाय गज.