आमची वाटचाल : शेजाऱ्याच्या खिडक्या मोजणारी माणसं

बांधकामाच्या आणि जागेच्या वापराच्या परवानग्या काढून देणं हा आमचा धंदा. आमची पहिलीच फाइल नामंजूर झाली. काम तसं सरळ होतं. वर राहती घरं, तळमजल्यावर रेस्टॉरंटची परवानगी हवी. तो भाग मिश्र वापराचा, म्हणजे घरं आणि दुकानं दोन्ही चालणारा, त्यामुळे रेस्टॉरंटला मुळात मनाई नव्हती. सामासिक अंतरं (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), पार्किंग, बसायच्या जागा, सगळं नियमात बसवून आम्ही निर्धास्त होतो. सुनावणीत शेजारच्या बाई उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "यांची चिमणी माझ्या झोपायच्या खोलीसमोर येतेय." आमच्या नकाशात ही धुराची चिमणी म्हणजे चार मिलिमीटरचं वर्तुळ होतं. त्यांची खिडकी नकाशात नव्हतीच, कारण ती शेजारच्या प्लॉटवर होती आणि शेजारचा प्लॉट आम्ही कोरा ठेवला होता.

तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. अशील चिडला, उरलेली फी मागायला आम्हालाच तोंड राहिलं नाही. त्या दिवसापासून एक सवय लागली : अर्ज भरण्याआधी जागेभोवती चारी बाजूंनी फिरायचं, शेजारच्या खिडक्या मोजायच्या आणि त्या नकाशावर काढायच्या. असं कुणी मागत नाही. पण सुनावणीला बसलेल्या माणसाला जे विचारायचं असतं, ते आधीच कागदावर दिसलं की त्याचा सूर बदलतो.

मग वाचायला लागलो, तर कळलं की झोनिंग, म्हणजे शहराच्या कुठल्या भागात काय आणि कसं बांधायचं याचे नियम, जन्मालाच शेजाऱ्याच्या कुरबुरीतून आलंय. न्यूयॉर्कमध्ये 1915 साली इक्विटेबल बिल्डिंग ही उंच इमारत उभी राहिली आणि आजूबाजूचं ऊन गेलं म्हणून ओरड झाली. 1916 मध्ये त्या शहराचे झोनिंगचे नियम आले, त्यामागे हेही एक कारण होतं. पुढे 1926 च्या युक्लिड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं. त्या निकालात एक डुक्कर आहे. गोठ्याऐवजी दिवाणखान्यात शिरलेलं डुक्कर. वस्तू योग्य असते, जागा चुकते, असा त्याचा अर्थ. रेस्टॉरंटच्या एक्झॉस्टचं यापेक्षा नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

घरगुती ऊर्जेच्या कामात आम्ही शिरलो ते एका जुन्या अशिलामुळे. त्याला स्वतःच्या घरावर सोलर हवं होतं आणि एक छोटी पवनचक्कीही. सोलरची परवानगी निघाली. पवनचक्कीचं गणित मात्र पहिल्याच संध्याकाळी बसेना. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते. म्हणून पाती आसपासच्या दीडशे मीटरमधल्या झाडा-घरांपेक्षा निदान नऊ मीटर वर हवीत, असा या धंद्यातला ढोबळ नियम. निवासी क्षेत्रात बांधकामाच्या उंचीला मर्यादा असते, आणि इतका उंच खांब त्यात सहसा मावत नाही. बसतील तेवढ्या उंचीवर पाती फिरतात, वीज मात्र नावापुरती. पवनचक्कीच्या बहुतेक चौकशांना आम्ही आजही नाही म्हणतो. धंद्याच्या दृष्टीने वेडेपणा, पण नंतरच्या शिव्या वाचतात.

हीट पंपाचं, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घर गरम करणाऱ्या यंत्राचं, भांडण आवाजाचं असतं आणि ते रात्री होतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पंप भिंतीला खेटून ठेवला तर आवाज साधारण तीनने चढतो. कोपऱ्यात तर आणखी. दोन मीटर सरकवण्याने सुटलेल्या फायली आमच्याकडे बऱ्याच आहेत.

रेस्टॉरंट आणि घरगुती ऊर्जा, या आमच्या दोन्ही धंद्यांची गाठ एकाच फाइलमध्ये पडली तो प्रसंग सांगतो. रेस्टॉरंट आमच्या अशिलाचं, शेजारच्या छपरावर आधीपासून सोलर. शेजारी म्हणाले, वीज कमी येतेय. मी शिडीने वर चढलो, काचेवर बोट फिरवलं, तर बोट चिकटलं. पिवळसर तेलाचा पापुद्रा आणि त्यावर धूळ. पावसाने जाणारा मळ नव्हता तो. उपाय उघड होता, चिमणी उंच करा. उंच केली की तिची सावली पॅनलवर. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे काठीएवढी सावलीही तिच्या आकाराच्या मानाने फार वीज खाते. सावलीतल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारे बायपास डायोड असले तरी एका डायोडमागे पॅनलचा सुमारे तिसरा हिस्सा बाद होतो.

भागीदाराने वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाची सावली तासातासाने काढली. तीन रात्री गेल्या त्यात. शेवटी चिमणी पॅनलच्या उत्तरेला नेली, आडवा डक्ट (धूर नेणारी नळी) वाढवला, त्याला साफसफाईसाठी झाकणं ठेवली. परवानगी मिळाली ती अटींसह : तेलाचे फिल्टर ठरल्या वेळी साफ करायचे, पंखा ठरल्या वेळी बंद. अशिलाला अटी जाचक वाटल्या. मला त्या स्वस्त वाटल्या.

आता आम्ही पाच जण आहोत. नवीन येणाऱ्याला पहिला महिना संगणकावर बसू देत नाही. टेप घेऊन बाहेर पाठवतो. सध्या आणखी एका रेस्टॉरंटची फाइल सुनावणीला लागलीय. शेजारच्या खिडक्या अकरा. त्यांतल्या दोन विटांनी बुजवलेल्या आहेत. त्या तुटक रेषेने दाखवल्या आहेत.