तुम्ही विचारलंत म्हणून: ‘गांधी’ खरंच तेवढा मोठा सिनेमा आहे का?

इतिहास शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. सप्टेंबर संपत आला की कुणाचे तरी आईबाबा शाळेच्या फाटकाशी गाठतात. "सर, मुलांना ‘गांधी’ दाखवू म्हणतोय. तीन तासांच्या वर आहे. आठ ऑस्कर मिळालेत म्हणे, पण तेवढा आहे का चांगला?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

दाखवा. आधी एवढं सांगून टाकतो.

रिचर्ड ॲटनबरोंचा हा सिनेमा १९८२चा. मी तो पुढच्या वर्षी वडिलांबरोबर, हिंदीत पाहिला. सुरुवातीलाच गोळ्या झाडल्या जातात आणि मग ती अंत्ययात्रा येते. दिल्लीच्या राजपथावर सुमारे तीन लाख माणसं जमवून ती चित्रित केली होती. पडद्यावरचा प्रत्येक चेहरा खराखुरा आहे. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, ती मध्यंतरापर्यंत तशीच होती.

पण गर्दीपेक्षा मला नदीकाठचा एक छोटा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. गांधी हात-तोंड धुवायला पाण्याशी येतात. पलीकडे एक बाई धुणं धुतेय. अंगावरचं फाटकं वस्त्र तिला पुरत नाही. गांधी आपलं पांढरं वस्त्र प्रवाहात सोडून देतात, ते तरंगत तिच्यापर्यंत जातं, ती अंगाशी ओढून घेते. सगळं शब्दांवाचून. १९२१ मध्ये मदुराईत गांधींनी पंचा पत्करला त्यामागचं कारण पुस्तकात चार ओळींत येतं. इथे ते डोळ्यांनी कळतं. आफ्रिकेतला सूट, मायदेशी परतल्यावरचा काठेवाडी वेष आणि शेवटी पंचा, हा सगळा प्रवास कपड्यांतून सांगणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया. भारताला मिळालेलं पहिलं ऑस्कर त्यांचं. मला त्याचा फार अभिमान आहे.

गांधी झालेल्या बेन किंग्जलींबद्दल मी वेगळं काय सांगू? रोहिणी हट्टंगडींबद्दल मात्र सांगायलाच हवं. तिशीच्या आसपासच्या या पुणेकर नटीने तरुण कस्तुरबांपासून म्हाताऱ्या बांपर्यंतचं वय नुसत्या चालण्या-बसण्यातून दाखवलंय. संडास साफ करण्यावरून नवराबायकोचं भांडण होतं, गांधी बांना दंडाला धरून बाहेर काढू पाहतात, तो प्रसंग मुलांना दाखवताना मी पुढेमागे काही बोलत नाही. महात्म्याचा राग आणि मागून आलेली शरम, दोन्ही तिथे आहेत.

आता दुसरं उत्तर.

हे भांडण गांधींच्या आत्मकथेतलं. घडलं डरबनच्या घरात, १८९८ मध्ये. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचं मूत्रपात्र उचलण्यावरून. तो पंचम, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला. सिनेमात प्रसंग आश्रमात नेलाय आणि तो कारकून गळलाय. ‘हे काम अस्पृश्यांचं’ असं बा म्हणतात, पण त्या माणसाचं तोंडही आपल्याला दिसत नाही. अनेक वर्षं माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

लक्षात आणून दिलं नववीतल्या एका मुलीने. सिनेमा संपला, दिवे लागले, मुलं डबे उघडायला लागली. ती पुढे येऊन म्हणाली, "सर, बाबासाहेब कधी येणार होते? मी वाट बघत होते."

ते येतच नाहीत. गांधी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला लंडनला जातात, आणि तिथून गोष्ट एकदम महायुद्धाच्या काळात उडी मारते. त्या परिषदेत बाबासाहेब त्यांच्यासमोर उभे ठाकले होते. पुढच्याच वर्षी, २० सप्टेंबर १९३२ला, अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध, म्हणजे त्यांनी आपले प्रतिनिधी फक्त आपल्याच मतांनी निवडण्याविरुद्ध, गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण धरलं. २४ला पुणे करार झाला, त्याऐवजी प्रांतांच्या कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या, आणि एका माणसाच्या प्राणांचं ओझं बाबासाहेबांवर टाकलं गेलं. आमच्या शाळेपासून येरवडा बसने वीस मिनिटं.

एवढं मोठं आयुष्य एका सिनेमात मावत नाही, हे कबूल. सिनेमा सुरुवातीला स्वतःच तसं सांगतो. धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहात सरोजिनी नायडूंच्या जागी मौलाना आझाद दाखवलेत, तेही मी चालवून घेतो. पण इथे जे गाळलंय त्याने गांधीच हलके होतात. सिनेमाभर त्यांच्या समोर जनरल डायर, न्यायाधीश, व्हाइसरॉय. म्हणजे ज्यांची बाजू आपल्याला आधीपासूनच खोटी वाटते अशी माणसं. ज्याचं म्हणणं ऐकून आपली मान खाली जाईल असा माणूस समोर येतो तेव्हा गांधी काय करतात, हे सिनेमा दाखवतच नाही. माझ्या लेखी ही उणीव आठ ऑस्करांनी भरून निघत नाही.

म्हणून आता मी पाठोपाठ जब्बार पटेलांचा २०००चा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ दाखवतो. त्यात बाबासाहेब मामुट्टी आणि गांधी मोहन गोखले. हे गांधी मुलांना आवडत नाहीत, त्यांच्यावर मुलं चिडतात. चिडू देतो. दुसऱ्या दिवशी करार वाचायला घेतो, एक बाक गांधींचा, एक बाबासाहेबांचा, आणि अर्ध्या तासाने बाक बदलायला लावतो. त्या मुलीला मी पहिल्या खेपेला बाबासाहेबांच्या बाकावर बसवलं होतं. बाक बदलताना तिचा पाय निघत नव्हता.