पानं नसलेला वसंत

माघ अर्धा सरला की गावाबाहेरच्या फेरीतला बदल सगळ्यात आधी पायांना कळतो. थंडीभर माळावरून आडवं गेलं की दवानं बूट चिंब व्हायचे. मग एका सकाळी त्याच गवतातून जाऊनही ते कोरडेच राहतात. अंगात स्वेटर असतो, परतीच्या वाटेवर तो कमरेला बांधलेला असतो. डिसेंबरच्या शेवटी जेमतेम ११ तासांचा असलेला दिवस २० मार्चच्या सुमारास १२ तासांवर येतो. ही वाढ रोज सरासरी मिनिटाहूनही कमी, त्यामुळे घड्याळाकडे बघून काहीच जाणवत नाही.

पंचांगालाही याबाबत नक्की काय म्हणायचंय कोण जाणे. ऋतू म्हणून वसंत चैत्र-वैशाखात. वसंत पंचमी मात्र भर शिशिरात, माघात. मला विचाराल तर पंचमीचंच बरोबर आहे. माळावर तेव्हाच हालचाल सुरू झालेली असते, फक्त ती हिरवी नसते. बर्फाच्या देशांत वसंत म्हणजे उघड्या फांद्यांवर पालवी. आपल्याकडे याच दिवसांत सगळीकडे पाचोळा. एवढासा सरडा त्यातून सरकला तरी बिबट्या आल्याचा भास होतो. सातभाईंची टोळी किडे शोधायला पानं उलथवू लागली की विचारूच नका.

पानगळीला उगाच उदास म्हणतात. झाड त्यात फार हिशेबी असतं. पान सोडण्याआधी त्यातला नत्र आणि इतर कामाच्या गोष्टी ते परत ओढून घेतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि पान नेमकं तिथून सुटतं. गळालेलं पान उचलून देठाचं टोक पाहा. कुठे फाटल्याची खूण नाही, अगदी सफाईदार काम. पानं गेली की त्यांच्यावाटे उडून जाणारं पाणीही वाचतं. मुळांनी खोलवरून आणलेलं पाणी खोडाफांद्यांत मुरतं आणि त्याच्या जोरावर, आभाळातून थेंब पडत नसताना, कळ्या फुगू लागतात. म्हणजे ज्याला आपण झाडाचं ओकंबोकं होणं म्हणतो, ती फुलण्याची तयारीच असते.

पळसाला पाने तीनच हे खरं, पण या दिवसांत तेवढीही नसतात. लांबून दिसणाऱ्या केशरी रंगाचं कौतुक सगळेच करतात. माझं लक्ष कळ्यांवर असतं. वाकड्यातिकड्या फांदीवर काळपट तपकिरी, मखमली कळ्यांचे घोस लागलेले असतात. बोट फिरवलं तर मऊ लव लागते. त्या काळ्या पेल्यातून केशरी पाकळ्या बाहेर येतात, त्यातली एक चोचीसारखी वळलेली. पाकळ्यांवरही बारीक रुपेरी लव आहे, ऊन तिरपं असेल तेव्हाच दिसते. वास म्हणाल तर नाहीच. फुलांचं गिऱ्हाईक मुख्यतः पक्षी, आणि त्यांना बोलवायला वासापेक्षा रंगाचा उपयोग जास्त. मध्ये पानांचा आडपडदाही नाही.

त्या गिऱ्हाइकांत जांभळा शिंजीर पहिला. थंडीत नराचा रुबाब उतरलेला असतो: पोटाखाली फिकट पिवळा, आणि गळ्यापासून खाली उतरणारा एक काळा पट्टा. आता त्याची नवी पिसं भरायला लागतात. काही दिवस तो ठिगळं लावल्यासारखा दिसतो, अर्धा पिवळा, अर्धा निळा-जांभळा, पण आवाज मात्र पूर्ण जांभळ्याचा! वाकडी चोच फुलात खुपसून तो मध पितो आणि कपाळाला पराग माखून पुढच्या फुलावर जातो. खारीही येतात. त्यांची पद्धत दांडगाईची, पण त्यांच्याकडूनही थोडंफार परागीभवन होतंच.

काटेसावर याहून उधळी. जाड, मांसल पाकळ्यांची फुलं अख्खीच्या अख्खी खाली पडतात आणि पडताना ‘थप्’ असा आवाज होतो. फुलात मध भरपूर, त्यामुळे झाडावर दिवसभर जत्रा. त्यात गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्याही असतात. त्यांना पळसमैना हेही नाव आहे. थंडी काढायला पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेले हे पाहुणे जायच्या आधी पोटभर खाऊन घेत असतात. एप्रिल संपेपर्यंत बहुतेक भोरड्या गेलेल्या असतात. पाण्याकाठी शेपटी हलवत फिरणारा पांढरा धोबीही याच सुमारास निघतो. येणाऱ्यांची नोंद ठेवणं सोपं, कारण ते आवाज करतात. जाणारे कधी गेले ते कळत नाही. धोबी शेवटचा कधी दिसला होता, हे मला कुठल्याच वर्षी सांगता येत नाही.

असाच एकदा सावरीखाली मान वर करून उभा होतो. शेळ्या घेऊन चाललेले एक आजोबा थांबले.

“काय हरवलं का वर?”

“नाही, फुलं बघतोय.”

“ती तर दरसालची आहेत,” असं म्हणून ते निघून गेले. त्यांच्या शेळ्या मात्र खाली पडलेल्या फुलांवर तुटून पडल्या होत्या.

पुढे कुसुमाला पालवी फुटते तेव्हा नवखा माणूस हमखास फसतो. झाड लालभडक, आणि जवळ जावं तर एकही फूल नाही. सगळी कोवळी पानंच. पिंपळाचीही नवी पानं तांबूस. अंगात हिरवं द्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत हा लाल रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून सांभाळतो, असं मानतात. थोड्याच दिवसांत पानं हिरवी होतात आणि कुसुमाकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघत नाही.

ऊन चढू लागलं की तांबटाची टुकटुक लांबत जाते. पोपटी अंगाचा, कपाळावर लाल टिळा असलेला हा पक्षी चोच मिटून आवाज काढतो; गळा तेवढा फुगताना दिसतो. वाळक्या फांदीत स्वतःच्या चोचीनं भोक पाडून घरटं करतो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. कोकीळ थंडीभर इथेच कुठेतरी पानाआड गप्प बसलेला असतो. पळस, सावर, शिंजीर, तांबट यांनी सगळं काम मार्गी लावल्यावर हा गळा काढतो. आणि वसंत आणल्याचं श्रेय घेऊन जातो तोच, तेही कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून.