तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी सुरू आहे आणि सिगारेटही, चालेल का?

सिगारेट सोडण्यासाठी डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन लिहून दिलं की दोन-तीन दिवसांत हा प्रश्न येतोच. पहिला आठवडा चालेल, कारण कोर्सची आखणीच तशी आहे. रोजची गोळी चुकवू नका आणि सोडण्याची तारीख आधीच पक्की करा. बहुतेकांसाठी ती आठव्या दिवसाची असते. फार तर पस्तिसाव्या दिवसापर्यंत नेता येते.

मेंदूत निकोटिन ज्या जागी जाऊन चिकटतं, तीच जागा ही गोळी अडवते. तिथे बसून ती निकोटिनचं काम अर्धवट करते, त्यामुळे तलफ सौम्य होते. आणि जागा अडलेली असल्याने वरून ओढलेल्या सिगारेटला पूर्वीची मजा येत नाही. ‘ओढली, पण बेचव लागली’ ही तक्रार नाही, गोळी लागू पडत असल्याची खूण आहे. रक्तातली पातळी स्थिरावायला साधारण चार दिवस लागतात, म्हणून पहिल्या दिवशीच चमत्काराची वाट बघू नये.

नेहमीचा डोस असा: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवशी तीच सकाळ-संध्याकाळ, आणि आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. म्हणजे पहिल्या आठवड्यात छोट्या गोळ्या बरोबर ११ संपायला हव्यात. पाकिटात जास्त उरल्या तर कुठेतरी एखादी चुकली आहे. चुकलेली गोळी भरून काढायला एकदम दोन घेऊ नका.

डोस हळूहळू चढवण्याचं कारण मळमळ. दहातल्या सुमारे तिघांना ती होते आणि गोळी मध्येच सुटते ती बऱ्याचदा तिच्यामुळेच. नीट विचारलं तर कळतं, की गोळी रिकाम्या पोटी, दोन घोट पाण्याबरोबर घेतली होती. आधी पोटभर खा, मग गोळी, त्यावर पूर्ण ग्लासभर पाणी. एवढं करूनही उलट्या होत असतील तर डॉक्टर डोस कमी करून देतात. झोप उडत असेल किंवा विचित्र, अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडत असतील, तर दुसरी गोळी निजताना न घेता संध्याकाळच्या खाण्यावर घ्या.

आता डॉक्टरांना आधीच सांगायच्या गोष्टी. मूत्रपिंडाचा त्रास पहिला. हे औषध जवळजवळ जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंडाचं काम फार मंदावलं असेल तर दिवसाला ०.५ ची एक, जास्तीत जास्त दोन, एवढ्यावरच थांबतात. कधी फिट आली असेल, हृदयविकार किंवा मानसिक आजार असेल, गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर तेही सांगा. दारू या गोळीसोबत काही जणांना एरवीपेक्षा लवकर चढते आणि काय घडलं ते नंतर आठवत नाही. गोळीचा परिणाम कळेपर्यंत दारूपासून लांब राहिलेलं बरं. वाहन चालवण्याचंही तसंच.

‘या गोळीने डोकं फिरतं म्हणे?’ ही भीती हवेतून आलेली नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी तसा ठळक इशारा छापायला लावला होता. पुढे आठ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत मोठा धोका दिसला नाही आणि २०१६ मध्ये तो इशारा काढण्यात आला. चिडचिड निकोटिन सुटल्यानेही होते. तरीही वागणं ओळखू न येण्याइतकं बदललं किंवा जीव द्यावासा वाटला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. चेहरा-जीभ सुजणं, अंगावर फोड, छातीत दुखणं, फिट यांना थेट तातडीचा विभाग.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत काही औषधं झपाट्याने निकामी करतं. धूर थांबला की तीच औषधं, तोच डोस, अंगात जास्त साठतो. क्लोझापिन, ओलान्झापिन (मानसिक आजारावरची औषधं) किंवा थिओफिलिन (दम्याचं औषध) घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याची तारीख ती औषधं देणाऱ्या डॉक्टरांनाही कळवावी. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आणि इन्सुलिनवरही नजर हवी. कॉफीचंही हेच: नेहमीचेच कप अचानक छातीत धडधड करू लागतात. ते निम्म्यावर आणा.

व्हॅरेनिक्लिनऐवजी ब्युप्रोपिऑन हे सिगारेट सोडण्यासाठीचं दुसरं औषध मिळालं असेल तर हिशोब वेगळा. ती गोळी अख्खी गिळायची, चावायची-कुटायची नाही. दोन गोळ्यांमध्ये किमान आठ तास हवेत. फिट येणाऱ्यांना ती देतच नाहीत. नैराश्यासाठी हेच औषध दुसऱ्या नावाने आधीच सुरू आहे का, तेही तपासा.

व्हॅरेनिक्लिनचा कोर्स १२ आठवड्यांचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘सुटली की’ म्हणून गोळ्यांचं पाकीट कपाटात जातं आणि तलफ परत येते. बाराव्या आठवड्याला सिगारेट सुटलेली असेल, तर ती सुटलेलीच राहावी म्हणून डॉक्टर आणखी १२ आठवडे देऊ शकतात. आणि पाचव्या आठवड्यात एखादी ओढलीच, तर बंद सिगारेट करायची, गोळी नाही. संध्याकाळची गोळी ठरल्या वेळी घ्या.