पोर्ट लुईसचा अंगठा: शहराकडून चढणार असाल तर आधी हे वाचा

"दोन तास. एकदम सोपं. मुलंसुद्धा जातात." आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकानं हे सांगितलं आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात वर पोचायला सव्वापाच तास लागले. म्हणून आधी ल पूसबद्दलच लिहिते, बाकीचं नंतर.

ल पूस म्हणजे फ्रेंचमध्ये अंगठा. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईस ही समुद्र आणि डोंगर यांच्या बेचक्यात बसली आहे. बंदरावर उभं राहून पाठीमागे पाहिलं की डोंगररांगेवर मूठ आवळून अंगठा वर केल्यासारखा एक सुळका दिसतो, तोच हा. उंची ८१२ मीटर. आमच्यासारख्या दर पावसाळ्यात सह्याद्री तुडवणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटतो, आणि चूक तिथूनच सुरू होते. कळसूबाई १६४६ मीटर असली तरी तिच्या पायथ्याचं बारी गावच मुळात भरपूर उंचावर आहे. इथे तुम्ही समुद्राच्या पातळीवरून निघता, त्यामुळे ८१२ मीटर सगळेच्या सगळे पायांनी चढावे लागतात. शिवाय हवा उष्ण, दमट, आणि शहराची बाजू वाऱ्याच्या आडोशाला.

घरमालक खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. तो मोकाच्या, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या बाजूनं चढण्याबद्दल बोलत होता. तिकडे रस्ताच बराच वर येतो, उसाच्या शेतांतून वाट निघते, आणि धडधाकट माणूस दीड तासात माथ्यावर असतो. 'ल पूसला किती वेळ लागतो' या प्रश्नाचं जे उत्तर तुम्हाला इथे मिळेल ते मोकाकडचं असेल. कोणत्या बाजूनं, हे विचारल्याशिवाय ते उत्तर घेऊ नका. आम्ही विचारलं नाही.

मी आणि माझा मावसभाऊ, दोघंच. मे महिना, शुक्रवार. नऊला बंदराजवळून टॅक्सी केली हीसुद्धा चूक. टॅक्सीला मीटर लावत नाहीत, भाव आधी ठरवायचा असतो. वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत, जेमतेम तीन किलोमीटर, त्यानं ६०० रुपये सांगितले आणि आम्ही ४०० ला तयार झालो. मॉरिशसचा रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास पडतो, हिशेब करा. हे अंतर पायी जाण्यासारखं आहे. शाँ द मार्सचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान (१८१२ पासूनचं, दक्षिण गोलार्धातलं सगळ्यांत जुनं) ओलांडायचं, मग त्रांकबार नावाची वस्ती लागते. तामिळनाडूतल्या जुन्या डॅनिश वसाहतीचं, तरंगंबाडीचं, जे युरोपी नाव, तेच हे. तिथून चढ सुरू. शनिवारी मात्र या बाजूला येऊ नका. हंगामात त्या दिवशी शर्यती असतात आणि सगळं शहर मैदानाकडे लोटतं.

शेवटच्या घरांपाशी कुत्री आहेत. हातात काठी असू द्या, दगड उचलायला वाकलं तरी मागे सरतात.

पहिला दीड तास ओढ्याच्या कडेकडेनं. हा ल पूसचाच ओढा, पुढे शहराच्या पोटातून वाहत बंदरात जातो. पाणी घोटाभर, आवाज छान. पण आभाळ भरलं तर याच्या पात्रात एक क्षणही थांबू नका. ३० मार्च २०१३ ला थोड्या वेळात एवढा पाऊस झाला की डोंगरावरचं पाणी शहरात घुसलं आणि ११ माणसं गेली, त्यांतली काही बंदराजवळच्या भुयारी मार्गात अडकून. शहर वाटीच्या तळाशी आहे आणि हे डोंगर म्हणजे वाटीच्या कडा. वरून पाहिलं की हे एका नजरेत कळतं.

पुढे वाट रानात शिरते आणि हरवते. चिनी पेरूची झुडपं इतकी दाट की खांद्यावरची सॅक दर दोन पावलांना अडकते. हे झाड बाहेरून आणलेलं, आता त्यानं डोंगरच्या डोंगर व्यापलेत. मे महिन्यात त्याला सुपारीएवढी लालभडक फळं येतात, आंबटगोड, तोंडाला चांगलं पाणी सुटतं. पण पिकून पडलेल्या फळांचा वाटेवर चिखल होतो आणि त्यावरून पाय सटकतो. आदल्या रात्री पाऊस झालेला. लाल माती बुटांच्या तळव्याला अशी चिकटली की खाचा बुजून तळवे सपाट झाले. दर पंधरा मिनिटांनी काटकीनं बूट खरवडत होतो. दोनदा चुकीच्या वाटेला लागलो, दोन्ही वेळा माकडांची वाट होती. खूण एकच सांगते: डोक्यावर झाडी इतकी खाली आली की वाकावं लागतंय, तर तुम्ही चुकलात, मागे फिरा.

साडेअकराला माझं पाणी अर्ध्यावर आलं. दोन-दोन लिटर घेतलं होतं. तीन घ्या, कमी चालणार नाही.

एकला डोंगराच्या खांद्यावर, सुळक्याच्या पायथ्याशी पोचलो. इथे मोकाकडून येणारी वाट मिळते, मोकळं पठार आहे, वारा आहे. माणसंही भेटली, चपला घातलेली, हातात चिप्सची पाकिटं. माझा भाऊ जमिनीवर आडवा झाला आणि म्हणाला, "ताई, आपण कुठून आलो हे यांना सांगू नकोस." मी सांगितलं. एक आजोबा बराच वेळ आमच्या बुटांकडे बघत राहिले.

आता तो शेवटचा टप्पा. मुख्य सांगायचं ते हे, कारण तुम्ही कुठल्याही बाजूनं आलात तरी इथून सुटका नाही. खांद्यावरून अंगठा अगदी जवळ दिसतो, पाव तासाचं काम वाटतं. वाट सुळक्याच्या अंगावरून तिरकी चढते आणि शेवटी नुसता कातळ उरतो. लाखो हातापायांनी घासून गुळगुळीत झालेला, कडेला पेरूची मुळं. दोर नाही, साखळी नाही, रेलिंग नाही. एका जागी, माथ्याच्या साधारण दोन माणसांच्या उंचीएवढी खाली, छातीएवढी उंच पायरी आहे. तिच्या डाव्या अंगाला एक फट आहे, त्यात पंजा आडवा घालायचा आणि उजव्या हातानं वरचं मूळ धरायचं. मूळ धरण्याआधी हिसका देऊन बघा. मी पकडलेलं पहिलं मूळ हातातच आलं.

चढताना वीस मिनिटं लागली. उतरताना पन्नास. वरून बघताना ती पायरी दिसतच नाही, तिच्याखाली थेट दरी दिसते. मी आपल्या सवयीनं दरीकडे तोंड करून बसत बसत उतरायला गेले, आणि पाय लोंबकळल्यावर कळलं की टेकायला काहीच लागत नाही. कातळाकडे तोंड करून, शिडी उतरल्यासारखं उतरायचं, आणि खालच्या माणसानं पाय धरून जागेवर ठेवायचा. भाऊ खालून ओरडत होता, "अजून खाली, अजून, डावीकडे, टेकला!" तो नसता तर मी कुणी येईपर्यंत तिथेच बसले असते. म्हणून स्पष्ट सांगते: एकट्यानं माथ्यावर जाऊ नका. कातळ ओला असेल तर अजिबात जाऊ नका, खांद्यावरून परत फिरा. खांद्यावरूनही जवळजवळ तेवढंच दिसतं. लहान मुलांना या टप्प्यावर नेणाऱ्यांना माझा नमस्कार, मी नेणार नाही.

तरी वर बसल्यावर जे वाटलं ते लिहायलाच हवं. पायांखाली सगळं पोर्ट लुईस. मैदानाचं अंडाकृती हिरवं कडं, टेकडीवरचा फोर्ट अॅडलेड, बंदरातल्या क्रेन, उत्तरेला समुद्रात कापलेल्या पाचरीसारखं एक बेट. शेजारी पीटर बोथचा सुळका, डोक्यावर तो एकच गोल धोंडा घेऊन. डच ईस्ट इंडीजच्या पहिल्या गव्हर्नर जनरलचं नाव त्याला आहे, १६१५ साली तो याच बेटाच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटून बुडाला. इथले भोजपुरी बोलणारे लोक त्या डोंगराला मुडिया पहाड, म्हणजे मुंडक्याचा डोंगर, म्हणतात, आणि बघितल्यावर दुसरं नाव सुचत नाही.

२ मे १८३६ ला चार्ल्स डार्विन शहरातून निघून याच डोंगरावर आला होता. वय २७. त्यानं पोर्ट लुईसमध्ये आठशेच्या आसपास हिंदुस्थानी कैदी पाहिले, जन्मठेपेवर पाठवलेले, सरकारी कामांवर राबणारे. ही माणसं बंगाल आणि मुंबई इलाख्यातून आणलेली होती. काळ्या पाण्याची शिक्षा म्हटलं की आपल्याला फक्त अंदमान आठवतं, मलाही तेवढंच माहीत होतं. वरून शहराचे सरळ रेषेतले रस्ते दिसत होते आणि त्यांतले कोणते त्या हातांनी घातले असतील, एवढंच डोक्यात होतं. माझ्याच तळहातांची सालटी निघाली होती.

उतरलो मोकाच्या बाजूनं. तुम्हीही तेच करा, शहराच्या बाजूनं उतरू नका. रुंद वाट, मग ऊस, मग डांबरी रस्ता. तिथे एक टॅक्सी उभी होती, त्यानं शहरापर्यंतचे १५०० सांगितले. आम्ही चालत राहिलो आणि बस पकडली. दोघांचं तिकीट मिळून शंभरच्या आत. कंडक्टर 'पोर्लवी, पोर्लवी' ओरडत असतो, तेच पोर्ट लुईस. बस संध्याकाळी लवकर आटोपतात, तेव्हा पाचच्या आत रस्त्याला लागा. बसमध्ये आमचं मराठी ऐकून पुढच्या सीटवरच्या काकू मागे वळल्या. क्रिओल आणि हिंदी मिसळून बोलत होत्या, मराठी समजत होतं पण जुळवून बोलता येत नव्हतं. घरात गणपती बसतो, आरत्या सगळ्या पाठ आहेत, असं म्हणाल्या आणि 'सुखकर्ता दुखहर्ता'च्या दोन ओळी तिथेच म्हणून दाखवल्या. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे बघून त्यांनी पिशवीतलं वर्तमानपत्र काढून दिलं, बसमध्ये पायाखाली घाला म्हणून.

निकाल असा: फक्त माथा हवा असेल तर मोकाकडून चढा, सकाळी सातला. शहराकडून चढायचंच असेल तर सहाला निघा, पावसानंतर दोन कोरडे दिवस जाऊ द्या, आणि उतरा पलीकडे. आणि फक्त शहर वरून बघायचं असेल तर सिग्नल माउंटनवर जा. ३२३ मीटर, माथ्यापर्यंत पक्का रस्ता, सकाळी इथले लोक तिथेच पळायला येतात. नवख्यांना किंवा आईवडिलांना घेऊन गेलात तर हाच पर्याय.

शहराबद्दल थोडक्यात. पाचनंतर कचेऱ्या सुटतात आणि रस्ते ओस पडतात, रविवारी तर दिवसभर. जे बघायचं ते कामाच्या दिवशी सकाळी. मध्यवर्ती बाजाराच्या लोखंडी दरवाजावर व्हिक्टोरिया राणीची अक्षरं अजून आहेत, आत भाजीच्या राशी आणि आलूदा, म्हणजे आपला फालुदाच, जास्त पातळ. डाळपुरी रस्त्यावरच्या गाडीवरच खा. जोडीनंच मिळते, आत वाटाण्याच्या डाळीचं पुरण पण तिखटमिठाचं, वर रस्सा आणि लोणचं. बंदरावरच्या झगमगीत उपाहारगृहांत याच पोटाला तिप्पट पैसे घालवाल. ब्ल्यू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन टपाल तिकिटं आहेत. मूळ तिकिटांवर दर तासाला काही मिनिटंच दिवा लावतात, साधारण अर्ध्या तासाच्या ठोक्याला. तासाचा ठोका पडून वीस मिनिटं झाली की आत जा, पाच मिनिटांनीच गेलात तर तोवर फक्त प्रती बघत बसाल. क्युरपीपला जाणारी मेट्रो (लार्सन अँड टुब्रोनं बांधलेली) स्वच्छ आहे आणि वेळेवर धावते. उरलेले तीन दिवस उत्तरेच्या किनाऱ्यावर मजेत गेले.

आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानातून करारावर आणलेले मजूर जिथे उतरवत ती जागा, शनिवारी दुपारी बाराला बंद होतो आणि रविवारी उघडत नाही. उत्तरेकडच्या बसथांब्याला लागूनच आहे, प्रवेश फुकट. आम्ही चढाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. १८३४ पासून जवळपास पाच लाख गिरमिटिये या बंदरात उतरले, कुणी इथे राहिले, कुणाला पुढे रियुनियन, आफ्रिका, कॅरिबियनला पाठवलं. २००६ साली युनेस्कोनं याला जागतिक वारसा केलं. एवढं वाचून मोठं काही बघायला मिळेल अशा समजुतीनं जाऊ नका. जुन्या आवाराचा फार थोडा भाग उरलाय, आणि पलीकडून महामार्गाचा आवाज सतत येतो. बघायच्या आहेत त्या १६ पायऱ्या. जहाजातून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून आत यायचा. काळा बसाल्ट, आपल्या गडांवर असतो तसाच, मधोमध झिजलेला. माझ्या मांड्या आदल्या दिवसाच्या चढाईनं इतक्या भरल्या होत्या की वर-खाली बघत त्यांच्यापाशी उभं राहणंसुद्धा जड जात होतं. भाऊ म्हणाला, "ताई, बस जरा." मी बसले नाही. बाराला पाच मिनिटं असताना रखवालदारानं येऊन हळूच सांगितलं, बंद करायची वेळ झाली.